दाबलेला फोटो

तिचा फोटो दाबलेला होता हे मला कळलं त्या दिवशी मी एका ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत, ब्रेकचे लायनर बदलत होतो. हात तेलाने काळे झालेले, आणि खिशात फोन वाजत होता. एकदा वाजू दिला, दोनदा वाजू दिला. शेवटी करंगळीने उचलला, कारण तेवढं एकच बोट स्वच्छ होतं. पलीकडे हॉस्पिटलमधली एक बाई होती. मी मीच आहे का, हे तिने आधी विचारलं. मग मिसेसचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली. ते आता सगळेच म्हणतात, त्यामुळे मी नुसतं हं म्हटलं. मग ती म्हणाली, “तुमच्या मिसेसचा तो पहिला छातीचा फोटो आहे ना, तो दाबलेला होता.”

मी विचारलं, कोणी दाबला. ती म्हणाली, कोणी म्हणजे असं कोणी नाही, तो आपोआप दाबला जातो. मी तिला म्हटलं, बाई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. जन्मभर बटणांचंच काम केलं. आपोआप काही दाबलं जात नाही, मागे कुणाचं तरी बोट असतं. फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात या, माझं एक काम पण आहे. मी बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. लायनर बसवले, ब्रेक दोनदा तपासला, आणि मग लिफ्ट चालू झाली होती तरी जिन्याने खाली उतरलो. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर कोणी ना कोणी उभं होतं आणि बटण दाबत होतं. बटणातला दिवा लागलेला असतानाही दाबत होतं. याचा मला नेहमीच वैताग येतो. एकदा दाबलं की तिला कळतं. पुन्हा पुन्हा दाबून ती लवकर येत नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वर्षांत सांगितलंय की आता सांगत नाही, पण त्या दिवशी एका टाय लावलेल्या माणसाला मी सांगितलं, आणि जरा जोरातच सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझं तेलकट तोंड आठवलं.

तो पहिला फोटो माझ्या बायकोने वाचनालयाजवळच्या छोट्या क्लिनिकमध्ये काढला होता. खोकला जात नव्हता म्हणून. ती वाचनालयात काउंटरला होती, आणि तिचं काउंटर वाचकांच्या खोलीत होतं. तिथे कोणी खोकलं की सगळी डोकी वर येतात. त्यामुळे खोकला दाबण्याची तिची एक पद्धत तयार झाली होती. ओठ घट्ट मिटायचे, खांदे एकदाच हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि संपलं. घरीही ती तसंच करायची. भाजी चिरता चिरता खांदे हलले की मी ओळखायचो. म्हणायचो, अगं, खोक की मोकळेपणाने, इथे कोण वाचत बसलंय? ती म्हणायची, “तुम्ही पेपर वाचताय ना.” आणि बरं नाही का, दुखतंय का, असं काहीही विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, काही विशेष नाही. तिच्या आईपासून आलेलं ते वाक्य. सासूबाईंचा पाय मोडला होता तेव्हाही त्या दारात बसून तेच म्हणत होत्या. क्लिनिकमधून दोन दिवसांनी तिच्या फोनवर रिपोर्ट आला. फोटो मोठ्या हॉस्पिटलला जातो, तिथे मशीन आधी बघतं, मग डॉक्टर बघतात, असं तिला तिथे सांगितलं होतं. रिपोर्टवर लिहिलं होतं, विशेष काही आढळले नाही. तिने तो फोन माझ्या नाकासमोर धरला. इतकी खूश होती की जणू परीक्षेत पहिली आली. म्हणाली, बघा, मशीनसुद्धा तेच म्हणतंय. मग वर्षभराने, दम लागायला लागला तेव्हा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुसरा फोटो काढला. त्यात जे होतं ते बघायला मशीनची गरज नव्हती. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि मलासुद्धा दिसलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि मी जेवलो का हे विचारायला रोज फोन करते. मी जेवलो नसलो तरी जेवलो म्हणतो आणि तिला ते कळतं. मी तिला दाबलेल्या फोटोचं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, दाबला म्हणजे तसा नाही हो. फाइल दाबतात. छोटी करतात, पाठवायला सोपी जावी म्हणून. आत्याच्या फोटोचं आठवतंय ना?” आठवत होतं. घरच्या एका कार्यक्रमातला फोटो मुलीने फोनवरून सगळ्यांना पाठवला होता. तो फिरत फिरत माझ्या बहिणीकडे पोचेपर्यंत तिच्या तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या होत्या. बहिणीने तोच छापून भिंतीवर लावला, आणि मूळ फोटो आणून दिला तर हा कोणाचा म्हणून परत केला. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. ही सगळ्यात जास्त हसली होती, आणि हसता हसता खोकली होती. मी मुलीला म्हटलं, ठीक आहे, पण आत्याची सुरकुती गेली तर काय बिघडलं. इथे काय गेलं? मुलगी म्हणाली, भात लावा आधी.

मेहुण्याला मी सांगायला नको होतं. हिचा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे वकील म्हणतात. वकील नाही तो, बाथरूमच्या फरशा विकतो, पण लहानपणापासून आईशी सुद्धा साक्षीपुरावे काढून भांडायचा. त्याने माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “दाजी, दाबला म्हणजे दाबला. प्रकरण दाबलं त्यांनी. आता सोडायचं नाही.” मी त्याला मुलीने सांगितलेला अर्थ सांगायला लागलो. तो म्हणाला, तो अर्थ त्यांनीच काढलाय, असे शब्द तयार ठेवतात हे लोक. खरं सांगायचं तर मला त्याचा अर्थ जास्त बरा वाटला. छोटी केली यात राग धरायला काही सापडत नाही. प्रकरण दाबलं यात एक माणूस असतो, त्याच्या मागे खुर्ची असते, खुर्चीच्या मागे खिडकी असते, आणि त्या माणसासमोर टेबलावर हात आपटता येतो. ती गेल्यापासून मला अशा माणसाची गरज होती. शेजारचे भेटले की आपल्या हातात काय असतं म्हणतात. कामावरचा साहेब म्हणतो, वेळ हेच औषध. सगळे इतके गोड बोलतात की कोणावर ओरडायचं हेच कळत नाही. वकील बरोबर येतो म्हणाला. मी नको म्हटलं. त्याला नेलं असतं तर तोच बोलला असता आणि मी त्याला आवरत बसलो असतो.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा पायालाच कळलं की ती मजल्यापेक्षा किंचित वर थांबते. स्ट्रेचर आत घेताना त्याची पुढची चाकं अडकली आणि वॉर्डबॉयने ती सवयीने उचलून घेतली. तो बऱ्याच दिवसांपासून तसंच करत असणार. हे मी दुसऱ्या फोटोच्या वेळीही पाहिलं होतं. तिला व्हीलचेअरवरून नेताना तो धक्का बसला आणि ती खोकली, मोठ्याने. माझ्या आठवणीतला तिचा तो पहिला मोठा खोकला. मी तेव्हा लिफ्ट चालवणाऱ्याला म्हटलं होतं, ही लेव्हल करून घ्या. तो म्हणाला होता, सांगितलंय वर. अजून वर सांगितलेलंच होतं. आत एक म्हातारा गृहस्थ तिसऱ्या मजल्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. मी काही बोललो नाही.

तिसऱ्या मजल्यावर पेशंट नसतात. तिथे थंडी असते. मशीन गरम होतात म्हणून खोली इतकी गार ठेवतात की ती बाई गळ्यात मफलर गुंडाळून बसली होती आणि शिंकत होती. फोनवरून मला वाटली होती त्यापेक्षा वयाने मोठी, माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी. मी तिचं नाव विचारलं नाही. मी माणसांना मजल्यांनी ओळखतो, कामाची सवय. ती माझ्यासाठी तिसरा मजला. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, दोन्ही त्या पहिल्याच दिवसाचे, एक पूर्ण आणि एक दाबलेला.

मी ओळखले. एक्स-रेवरून माणूस ओळखता येत नाही असं मला वाटायचं. पण तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा वर होता. जाड पुस्तकं काखेत धरून फळीवर चढवायची सवय. शिंप्याला ती दरवेळी सांगायची, डावीकडे जरा सैल ठेवा. तो खांदा तिथे होता, दोन्ही फोटोंत. मी बराच वेळ खांद्याकडेच बघत राहिलो. मग तिसऱ्या मजल्याने दोन्ही फोटो एकाच जागी मोठे केले. डावीकडच्यात बरगडीच्या कडेला एक धूसर ठिपका होता, काचेवर बोट टेकवून उचलल्यावर राहतो तसा. उजवीकडच्यात त्याच जागी बारीक बारीक चौकोन होते. ती म्हणाली, दाबताना फोटोचे असे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातलं जे मोठं आहे ते ठेवतात, जे अगदी बारीक आहे ते सोडून देतात. डोळ्याला फरक कळत नाही. ठिपका एका चौकोनात गेला आणि शेजारच्यांसारखा झाला. मी विचारलं, मशीनने कोणता पाहिला? तिने उजवीकडे बोट केलं. त्या क्लिनिकची इंटरनेटची लाइन बारीक होती, पूर्ण फोटो यायला फार वेळ घ्यायचा, म्हणून तिथून दाबूनच यायचे. आणि मागून डॉक्टरांनी? त्यांनीही तोच, आणि मशीनने काही नाही म्हटलेले ते भराभर बघतात. मी म्हटलं, हा डावीकडचा दाखवा तुमच्या मशीनला. तिला ते नको होतं. तरी तिने दाखवला. क्षणभराने ठिपक्याभोवती एक पिवळं कडं आलं. तिच्या छातीवर, बरगडीच्या कडेला, अगदी बरोबर जागी. वर्षाहून जास्त उशिरा.

किती दाबायचं हे ठरवलं कोणी, असं मी विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांनी मिळून. क्लिनिकला लाइन परवडत नव्हती, इथे जागा पुरत नव्हती, आणि तपासून पाहिलं तेव्हा दाबलेल्या फोटोंवर मशीन जवळजवळ तितकंच चांगलं चाललं होतं. जवळजवळ, असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा मान खाली घालून म्हणाली. मी टेबलाकडे पाहिलं. हात आपटायला चांगलं टेबल होतं. पण समोर ही शिंकणारी बाई, आणि तिच्या मागे खिडकी नव्हती, नुसती भिंत होती.

मग तिने तिचं काम सांगितलं. तिला मशीनला शिकवायचं होतं. छोट्या क्लिनिकमधून फोटो दाबूनच येणार, ते काही थांबणार नाही. पण एकाच माणसाचा एकच फोटो पूर्ण आणि दाबलेला असे दोन्ही मशीनसमोर ठेवले, तर कुठे काय हरवतं ते त्याला शिकता येतं. मग निदान ते खोटा दिलासा देणार नाही. म्हणेल, नीट दिसत नाही, पूर्ण फोटो पाठवा. असे जोड मिळत नाहीत, कारण क्लिनिकवाले पूर्ण फोटो थोड्या दिवसांनी पुसून टाकतात. हिचा राहिला, कारण नेमकं तेव्हा त्यांचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि पुसायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यासाठी घरच्यांची परवानगी लागते. माझी.

मी उठलो. तिला काय काय म्हटलं ते सगळं आठवत नाही. तुम्ही फोटो दाबलात, माणूस गेलं, आणि आता वरून शिकायला पण आमचंच हवं, असं काहीतरी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस कानातले इअरफोन काढून बघायला लागला. दारापर्यंत गेलो आणि वकिलाचं ‘प्रकरण दाबलं’ डोक्यात आलं म्हणून वळलो. हे तुम्हाला कळलं कधी, असं विचारलं. तिने मफलरचं टोक हातात धरलं. म्हणाली, मिसेस वरच्या मजल्यावर वॉर्डमध्ये होत्या तेव्हा.

“म्हणजे तेव्हापासून दाबून ठेवलंत.”

“मी नाही ठेवलं. मी त्याच दिवशी वर जाऊन त्यांना सांगितलं. त्याच म्हणाल्या, यांना आत्ता सांगू नका.”

मी परत येऊन बसलो. तिने सांगितलं ते असं. ही उशीला टेकून बसली होती. सगळं ऐकून घेतलं, फोटो बघायला मागितले, तिच्या फोनवर दोन्ही पाहिले, आणि म्हणाली, आमच्या नणंदबाईंचं असंच झालं होतं, त्या मात्र खूश झाल्या. मग म्हणाली, “हे लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात. डोक्यात राग घेऊन तिथे उतरलेलं चालत नाही. माझं झाल्यावर सांगा. आधी ओरडतील, ओरडू द्या. सवय आहे.” तिसऱ्या मजल्याने तिला परवानगीचंही तेव्हाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, “त्यांचं हो असेल तर माझं हो धरा. मागे राहून याच्याकडे बघायचंय त्यांना, मला नाही.”

त्या बाईने शिंक दाबली. मी तिला म्हटलं, शिंका हो मोकळेपणाने. आणि निघालो.

बसमध्ये मी हिशोब करत होतो, कोणता दिवस असेल तो. तिच्या पाठीत दुखायचं म्हणून मी रोज कामावरून परस्पर वॉर्डमध्ये जायचो आणि पाठ दाबून द्यायचो. माझे हात जड. ती म्हणायची, “अहो, हळू. लिफ्टचं बटण नाही ते.” मी हळू दाबायचो तर म्हणायची, आता नुसते कुरवाळू नका, जोर लावा. त्यातल्या एका संध्याकाळी तिला हे माहीत होतं. माझ्या हाताखाली तिची पाठ होती, पाठीच्या पलीकडे ते ठिपक्याचं झालेलं सगळं होतं, आणि माझी बायको भिंतीकडे तोंड करून मला विचारत होती की आज कुठल्या इमारतीची लिफ्ट अडकली, आत कोण होतं, घाबरलं का. मी सांगत होतो. एक नवरा-बायको अडकली होती आणि दार उघडेपर्यंत ती भांडत होती, उघडल्यावरही भांडतच गेली. ती हसली होती. खांदे हलले होते. हसली की खोकला दाबला, हे मला पाठीवरून कळलं नाही. माणूस इतकं कसं दाबू शकतं? आणि कशासाठी? मी जरा जास्त ओरडलो असतो. वरच्या मजल्यावर जाऊन कोणाची तरी खुर्ची हलवली असती. खड्ड्यात उतरायचं चार दिवस थांबलो असतो. हे मला ठरवू द्यायला काय झालं होतं? तिने माझ्यासाठी ठरवलं, माझ्या डोक्याचं, माझ्या रागाचं, आणि तो कधी काढायचा याचं सुद्धा. वर सवय आहे म्हणाली. बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, काही म्हणालात का? मी काहीतरी बोललो असणार.

घरी आलो तर पाचव्या मिनिटाला मुलीचा फोन. काय झालं तिथे, तिने विचारलं. मी म्हटलं, काही विशेष नाही. ती म्हणाली, “बाबा, हे वाक्य आपल्या घरात बंद झालंय. नीट सांगा.” मग मी सांगितलं. नणंदबाईंचं सांगितलं तेव्हा ती हसली. खड्ड्याचं सांगितलं तेव्हा पलीकडून नुसता तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. शेवटी म्हणाली, तुम्ही हो म्हणणार ना? मी म्हटलं, तुझी आई मला न विचारता सगळं ठरवून गेलीये, तेवढं एक माझ्यावर ठेवलंय, ते पण घाईने करू का? मुलगी म्हणाली, घाई नाही हो, पण आज कुठल्या तरी क्लिनिकमध्ये कोणीतरी फोटो काढून घरी गेलं असेल. मी म्हटलं, मला कळतं ते. मला खरंच कळतं. तिसऱ्या मजल्यावर ते पिवळं कडं आलं तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर वैताग येतो. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नाही. आणि हो म्हणायला तोंड उघडलं की आधी दुसरंच काहीतरी बाहेर येतं, आणि ते ज्या माणसाला म्हणायचं ते माणूस घरात नाही.

नंतर वकिलाचा फोन आला. त्याने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, दाजी, कोणी दाबलं ते कळलं का? मी म्हटलं, कळलं. तो सावरून बसला असणार, खुर्ची करकरल्याचा आवाज आला. म्हणाला, नाव सांगा फक्त, पुढचं माझ्यावर. मी त्याला म्हटलं, भेटल्यावर सांगतो.

त्यानंतर तो दोनदा येऊन गेला. चहा झाला, फरशांच्या भावाचं बोलणं झालं. त्याच्याच बहिणीचं नाव सांगायचं राहिलं. हॉस्पिटलच्या लिफ्टचं मी आमच्या कंपनीतून त्यांच्या देखभालवाल्यांना कळवलं, ती आता मजल्याला बरोबर लागते. तिसऱ्या मजल्याचा नंबर मी फोनमध्ये जपून ठेवला आहे. तिला हो म्हणून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.